ज्वारी, ताण आणि जनुकांचा माग : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी ज्वारीच्या जनुकसंचावर एक टिपण लिहिलं होतं. बीटीएक्स ६२३ या लाइनचा (लाइन म्हणजे पिढ्यानपिढ्या सारखाच राहणारा शुद्ध वाण) जवळपास संपूर्ण जनुकसंच, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डीएनएची साधारण ७३ कोटी अक्षरं आणि दहा गुणसूत्रं आहेत. मक्याचा जनुकसंच याच्या तिप्पट मोठा आहे, त्यामुळे दुष्काळ सोसणाऱ्या तृणधान्याचा अभ्यास करायला ज्वारी सोयीची पडते, एवढा त्याचा सारांश. त्यावर आलेल्या पत्रांतले प्रश्न एकातून एक निघणारे आहेत, म्हणून एकाच लेखात घेते. मी ज्वारीच्या पैदाशीचं काम करते. माझा बराचसा वेळ प्रयोगशाळेपेक्षा वाफ्यात जातो आणि उत्तरंही तिथूनच येतील.

ज्वारी मुळातच काटक. कमी पाण्यावर तग धरते म्हणून तर ती लावतात. मग तिला आणखी सोशिक करायचा खटाटोप कशासाठी?
*– शेतीत आयुष्य गेलेले एक वाचक*

काका, ज्वारी काटक आहे हे अगदी खरं. पानांवर आणि ताटावर मेणाचा पांढरा थर असतो, उन्हाचा कडाका वाढला की पान गुंडाळून घेतं, मुळं दीड-दोन मीटर खोल जाऊ शकतात, आणि पाणी तुटलं की वाढ थांबवून पीक पुढच्या पावसाची वाट पाहतं. मक्यासारखीच ती सी-फोर गटातली, म्हणजे कमी पाण्यात जास्त कर्ब बांधणारी. पण जगून राहणं आणि कणसात दाणा भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. शेतकऱ्याला दुसरं हवं असतं.

त्यातही ताण कधी पडला यावर सगळं ठरतं. पोटरीत येण्याआधी, म्हणजे कणीस वरच्या पानाच्या वेढ्यात फुगण्याआधी, पाणी तुटलं तर कणीस लहान होतं, निसवायला (बाहेर पडायला) उशीर लागतो, कधी कणीस पोटरीतच अडकतं. फुलोऱ्यानंतर तुटलं तर चित्र निराळं दिसतं. खालून एकेक पान वाळत वर येतं, दाणा बारीक राहतो आणि झाड ताटातली साखर उपसून दाण्याकडे पाठवतं. रिकामं झालेलं ताट मग खडखड्याच्या बुरशीला आयतं सापडतं. असं ताट उभं चिरलं की गाभ्याच्या जागी सुटे धागे आणि त्यांवर काळी पूड दिसते. वाऱ्याची एक झुळूक आली की पीक लोळतं.

आम्हा पैदासकारांच्या कामाची सगळी गोम इथे आहे. या दोन ताणांना तोंड देणारी जनुकं बहुतांशी वेगवेगळी आहेत. जगभर ज्या दोन लाइनवर सर्वाधिक अभ्यास झाला त्यांचंच बघा. बीटीएक्स ६४२ ही फुलोऱ्यानंतरचा ताण उत्तम सोसते, पण फुलोऱ्याआधी पाणी तुटलं की कोलमडते. आरटीएक्स ७००० चं नेमकं उलट आहे. तेव्हा ‘दुष्काळ सोसणारा वाण’ असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारते, कुठल्या वेळचा दुष्काळ? याचं उत्तर ठरल्याशिवाय जनुक शोधायला निघण्यात काही अर्थ नाही. उष्णतेचंही तसंच आहे. फुलोऱ्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत आणि प्रत्यक्ष फुलोऱ्यात तापमान ३६ ते ३८ अंशांच्या वर गेलं की पराग निकामी होऊ लागतात. जमिनीत ओल भरपूर असली तरी दाणे कमी बसतात. ही हानी पाणी देऊन पूर्णपणे टळत नाही. तिच्यासाठी वेगळे गुण शोधावे लागतात.

‘शेवटपर्यंत हिरवं राहणाऱ्या’ ज्वारीचा उल्लेख तुमच्या टिपणात होता. पान हिरवं राहतं म्हणजे झाडात नेमकं काय घडतं?
*– कृषी पदवीची विद्यार्थिनी*

या प्रश्नाचं उत्तर शोधायला जवळपास पंधरा वर्षं लागली आणि ते अनपेक्षित निघालं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

वर उल्लेख केलेल्या बीटीएक्स ६४२ चं जुनं नाव बी ३५. तिचं मूळ इथिओपियातल्या दुर्रा प्रकारच्या एका स्थानिक ज्वारीत आहे. संग्रहातला तिचा क्रमांक आयएस १२५५५. उष्ण कटिबंधातल्या ज्वाऱ्या उंच असतात आणि दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९६० च्या दशकात अशा ज्वाऱ्यांना बुटकं आणि वेळेत फुलणारं करण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. त्या प्रवाहातून ही लाइन पैदासकारांच्या हाती आली. फुलोऱ्यानंतर पाणी तोडलं तरी तिची पानं हिरवी राहत. मग ती आरटीएक्स ७००० शी संकरित करून, संततीतल्या कोणत्या झाडात गुणसूत्राचा कोणता तुकडा आला आणि कोणतं झाड हिरवं राहिलं, याची सांगड घातली गेली. २००० च्या सुमाराला चार तुकडे ठळक झाले. त्यांना एसटीजी १ ते ४ अशी नावं मिळाली. पहिले दोन तिसऱ्या गुणसूत्रावर आहेत, तिसरा दुसऱ्यावर आणि चौथा पाचव्यावर.

तेव्हा सर्वांना वाटत होतं की पानातलं हरितद्रव्य टिकवणारी काही यंत्रणा या तुकड्यांत असणार. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये अँड्र्यू बोरेल आणि सहकाऱ्यांनी हे तुकडे एकेक करून आरटीएक्स ७००० मध्ये उतरवले. बाकी सगळं सारखं आणि फरक फक्त त्या एका तुकड्याचा, अशा जोड्या त्यांनी तपासल्या. २०१४ मध्ये त्यांनी मांडलेलं उत्तर असं होतं : खरा फरक फुलोऱ्याच्या *आधी* पडतो. हे तुकडे असलेल्या झाडांना फुटवे कमी येतात आणि वरची पानं आकाराने लहान राहतात. एकूण पानांचा पसारा आटोपशीर राहिल्याने फुलोऱ्यापर्यंत जमिनीतलं पाणी कमी खर्च होतं. ते शिल्लक पाणी दाणा भरताना मिळतं, म्हणून पानं हिरवी राहतात. फुलोऱ्यानंतर दिसणारं हिरवेपण हा परिणाम असतो, कारण महिनाभर आधी घडून गेलेलं असतं.

या एका निष्कर्षाने आमच्या नोंदवहीचं स्वरूप बदललं. पूर्वी आम्ही फुलोऱ्यानंतर दुपारच्या वेळी ओळीओळीने फिरून किती पानं हिरवी आहेत ते लिहायचो. आता फुटवे मोजतो, पानांची लांबी-रुंदी घेतो, फुलोऱ्याच्या दिवशी जमिनीत कोणत्या थरात किती ओल आहे ते पाहतो. आणखी एक खबरदारी तुम्हा विद्यार्थ्यांना सांगते. ज्या कणसात दाणेच बसले नाहीत ते झाडही शेवटपर्यंत हिरवंगार राहतं, कारण त्याच्याकडे मागणारं कुणी नसतं. म्हणून हिरव्या पानांचा आकडा दाण्याच्या वजनाशेजारी लिहिलेला नसेल तर तो वाचूच नये.

हे चार तुकडे सापडून दोन दशकं उलटली. मग असे वाण सर्वत्र का पोचले नाहीत? की जनुकशास्त्राचा नुसताच बोलबाला आहे?
*– निवृत्त शिक्षक*

सर, तुमच्या प्रश्नातली अधीरता मला रास्त वाटते. ऑस्ट्रेलियात हा गुण व्यापारी संकरित वाणांत बऱ्यापैकी उतरला आहे. तिथे पैदासकारांनी मार्करची (डीएनएवरच्या ओळखखुणांची) वाट न पाहता हिरव्या लाइन निवडून त्यांवर आधीपासून काम केलं होतं. इतरत्र वेग कमी आहे, आणि त्याची कारणं आहेत.

पहिलं कारण तुकड्याच्या आकाराचं. सुरुवातीच्या नकाशांत ‘एक तुकडा’ म्हणजे शेकडो जनुकांचा पट्टा होता. मार्कर म्हणजे रस्त्यावरची गावाच्या नावाची पाटी. पाटी दिसली म्हणजे गाव जवळ आहे एवढंच कळतं. पाटी धरून पट्टा उचलला की हव्या जनुकाबरोबर शेजारची नको असलेलीही येतात. चांगल्या वाणाशी पुन्हापुन्हा संकर करत गेलं की दात्याचा वाटा दर पिढीत सरासरी निम्म्याने घटतो, पण हव्या जनुकाला चिकटून असलेला भाग हट्टाने मागे राहतो. तो तोडायचा तर दोन्ही बाजूंना दाट मार्कर लागतात आणि पुष्कळ रोपं तपासावी लागतात. जनुकसंच हाती आल्यावर हे काम सोपं झालं. आता पट्टा बारीक करत नेमक्या जनुकाशी पोचण्याची धडपड चालू आहे. एसटीजी १ आणि २ मध्ये ऑक्सिन या वाढ-संप्रेरकाची ने-आण करणाऱ्या जनुकांकडे बोट दाखवलं जातं. फुटवे आणि पानांचा आकार यांच्याशी ते जुळतंही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तोच तुकडा दुसऱ्या वाणात गेला की वेगळा वागतो. हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत हे तुकडे आर १६ आणि एस ३५ या दोन वाणांत घालून पाहिले गेले. दोन मीटर उंचीच्या मातीने भरलेल्या नळ्यांत झाडं वाढवून त्या नळ्या वेळोवेळी वजन केल्या, म्हणजे झाडाने कधी किती पाणी ओढलं ते कळतं. व्हिन्सेंट व्हादेझ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लिहिलं की परिणाम मूळ वाणावर अवलंबून असतो. कुठे मुळांनी ओढलेल्या एकूण पाण्यात फरक पडतो, तर कुठे तेवढ्याच पाण्यात झालेल्या वाढीत. याचा अर्थ असा की ज्या वाणाचं पाणी आधीच काटकसरीने खर्च होतं त्याला काटकसरीचा आणखी एक तुकडा देऊन फारसं काही मिळणार नाही. आधी त्या वाणाची उणीव कुठे आहे ते मोजायला हवं. हे मोजण्याचं काम कष्टाचं आणि खर्चाचं असतं. डीएनए वाचणं दरवर्षी स्वस्त होत गेलं, नळी उचलून वजन करणं तेवढंच जड राहिलं.

तिसरी अडचण म्हणजे एका गुणाची दुसऱ्याशी पडलेली गाठ. थंडीचं उदाहरण फार बोलकं आहे. चीनच्या उत्तरेकडच्या काओलिआंग ज्वाऱ्या थंड मातीत पेरल्या तरी जोमाने उगवतात. हा गुण अमेरिकी ज्वारीत आणण्याचा प्रयत्न कित्येक दशकं चालला होता. थंडी सोसणारी संतती मिळायची, पण ती उंच तरी निघायची किंवा तिच्या दाण्यात टॅनिनचा तुरटपणा तरी यायचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचं कारण उलगडलं. थंडी सोसण्याशी निगडित मोठे भाग नेमके टॅनिन ठरवणाऱ्या टॅन १ व टॅन २ आणि बुटकेपणा ठरवणाऱ्या डीडब्ल्यू १ व डीडब्ल्यू ३ या जनुकांवरच पडत होते. म्हणजे विसाव्या शतकातल्या पैदासकारांनी बुटकं झाड आणि टॅनिनमुक्त दाणा निवडला तेव्हा थंडीची सोशिकता नकळत त्यांच्या हातून निसटली होती. ही गाठ जनुकसंच वाचल्याशिवाय कधी दिसली नसती. आता ती दिसते आहे, त्यामुळे टॅनिन आणि उंचीपासून दूर असलेले थंडीचे बाकीचे लहान भाग गोळा करण्याची वाट मोकळी झाली आहे. माझ्या दृष्टीने जनुकशास्त्राची ही खरी कमाई आहे. आपण वर्षानुवर्षं कुठे अडखळत होतो ते त्याने दाखवलं.

हे सगळं म्हणजे जीएम पीकच ना?
*– एक गृहिणी*

नाही. वर सांगितलेलं सगळं काम नेहमीच्या संकरातून होतं. एका ज्वारीचा पराग दुसऱ्या ज्वारीच्या फुलावर टाकायचा, बी धरायचं, रोप उगवलं की पानाचा छोटा तुकडा घेऊन डीएनए तपासायचा आणि हवा तो भाग असलेली रोपं पुढे न्यायची. बाहेरचं काहीही झाडात घातलं जात नाही. जनुक संपादनाचं तंत्रही आता ज्वारीत वापरता येतं. ते निराळं तंत्र आहे आणि त्याचे नियम देशोदेशी निराळे आहेत. पण ज्वारीत ताण सोसण्यासाठी आजवर जे हाती लागलं त्यातलं बहुतेक निसर्गात आधीच होतं.

‘जीनोमिक सिलेक्शन’मध्ये पेरणी न करताच उत्पादनाचा अंदाज बांधतात असं ऐकलं. न पेरता कसं कळणार?
*– संगणक क्षेत्रातले एक वाचक*

अजिबात न पेरता कळत नाही, कुणीतरी पेरलेलं असावं लागतं. समजा माझ्याकडे पाचशे लाइन आहेत. त्यांतल्या दीडशे मी तीन-चार ठिकाणी पेरते, उत्पादन मोजते, आणि पाचशेच्या पाचशेंचा डीएनए हजारो ठिकाणी तपासून घेते. दीडशेंच्या आकड्यांवरून प्रत्येक ठिकाणच्या अक्षराला एक छोटं वजन दिलं जातं, उत्पादन किंचित वाढवणारं किंवा किंचित घटवणारं. मग उरलेल्या साडेतीनशेंमध्ये ती वजनं मिळवून बेरीज केली की प्रत्येकीचा अंदाज मिळतो. कुठलं जनुक काय करतं हे ठाऊक असण्याची गरज नाही. ही कल्पना म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ मध्ये मांडली. ती आधी दुभत्या जनावरांच्या पैदाशीत रुळली आणि मग पिकांत आली. अमेरिकेतल्या आयोवा इथल्या गटाने २०१६ मध्ये ज्वारीच्या ९६२ नमुन्यांचा डीएनए वाचून, सुमारे ३०० प्रत्यक्ष पेरून बाकीच्यांच्या जैवभाराचा (झाडाच्या एकूण वजनाचा) अंदाज बांधला, आणि त्यांतल्या काही पुन्हा पेरून तो पडताळूनही पाहिला.

तुमच्या क्षेत्राच्या भाषेत सांगायचं तर प्रशिक्षणाचा विदा (डेटा) जसा असेल तसा अंदाज निघतो. दुष्काळाच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे. माझ्या दीडशे लाइन ज्या वर्षी पेरल्या त्या वर्षी पाऊस फुलोऱ्याआधी तुटला असेल, तर सूत्र त्याच ताणाला चांगल्या ठरणाऱ्या लाइन सुचवणार. पुढच्या वर्षी पाऊस फुलोऱ्यानंतर तुटला की तीच निवड उलटू शकते. बीटीएक्स ६४२ आणि आरटीएक्स ७००० यांचं मी वर सांगितलेलं लक्षात आणा. म्हणून प्रत्येक चाचणीत पेरणीपासून काढणीपर्यंतचा पाऊस, तापमान आणि जमिनीतली ओल यांची नोंद नसेल, तर त्या आकड्यांवर सूत्र बसवायला मी विरोध करते. या मुद्द्यावर बैठकांत माझे मतभेद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. शिवाय अंदाज नात्यातल्या लाइनपुरताच चांगला चालतो. प्रशिक्षणातल्या लाइनशी दूरचं नातं असलेल्या ज्वारीवर तो बराच ढासळतो.

फायदा मात्र मोठा आहे. रोप हाताएवढं असतानाच निवड होते. काढणीची वाट न पाहता निवडलेल्या रोपांचा आपसांत संकर करता येतो, आणि पूर्वी एक फेरी व्हायची तेवढ्या काळात दोन-तीन होतात.

पाण्याशिवाय जमिनीचाही ताण असतो. आम्लयुक्त, खारट-चोपण जमिनींसाठी काही सापडलं आहे का?
*– मृदाशास्त्राचे विद्यार्थी*

इथे चित्र जास्त स्पष्ट आहे, कारण काही ठिकाणी एकेक मोठं जनुक हाती लागलं.

आम्ल जमिनीत ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं खुंटवतं. मूळ खोल गेलं नाही की खाली ओल असूनही झाड तहानतं, तेव्हा हा ताणही शेवटी पाण्यापाशीच येतो. ब्राझीलच्या एम्ब्रापा संस्थेतले जुरांदिर मागाल्याईस आणि अमेरिकेतले लिऑन कोचिअन यांच्या गटांनी २००७ मध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरचं एसबीमेट हे जनुक ओळखलं. ते मुळाच्या टोकातून सायट्रेट बाहेर सोडतं. सायट्रेट ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं आणि मूळ सुखरूप पुढे जातं. या जनुकाचाही प्रभाव वेगवेगळ्या वाणांत कमी-जास्त दिसतो.

चोपण जमिनीबद्दलचं काम ताजं आहे. चिनी शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये एटी १ हे जनुक दाखवलं. क्षारतेचा ताण पडला की पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं आणि नासधूस करतं. ते बाहेर टाकणाऱ्या वाहिन्यांना एटी १ आवर घालतं. म्हणजे हे जनुक बंद पडलेलं बरं! ते निकामी केलं तेव्हा ज्वारीनेच नव्हे, भात, मका आणि राळ्यानेही चोपण जमिनीत अधिक उत्पादन दिलं. एका पिकात सापडलेला दुवा चार पिकांच्या कामी येतो याचा मला फार आनंद होतो.

ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या तणाबद्दलही एका पत्रात विचारलं आहे, ते इथेच घेते. ज्वारीची मुळं सोडतात त्या स्ट्रिगोलॅक्टोन नावाच्या रसायनाची चाहूल लागली की टारफुल्याचं बी रुजतं. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात या तणावर आयुष्य वेचलं. त्यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या गटाने २०१७ मध्ये एलजीएस १ हे जनुक ओळखलं. त्यातला दोष असलेली ज्वारी हे रसायन थोड्या निराळ्या रूपात सोडते आणि टारफुल्याचं बी बहुतांशी झोपूनच राहतं.

सगळा डीएनए वाचून संगणकात ठेवला की बियाण्याच्या बँकांची गरज उरेल का?
*– महाविद्यालयीन विद्यार्थी*

उरेल, आणि आजच्यापेक्षा जास्त. आत्तापर्यंतच्या उत्तरांत किती वेळा इथिओपियाचं नाव आलं बघा. ज्वारी आफ्रिकेतली. सुदानच्या पूर्व भागात पाच हजार वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आल्याच्या खुणा सापडल्या आहेत. तिथून ती जिथे जिथे गेली तिथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीला सोसेल असं बी दरवर्षी निवडलं. पटणचेरूच्या संग्रहात आज ज्वारीचे सुमारे ४० हजार नमुने आहेत. आपली मालदांडी ३५-१ ही सुद्धा अशाच स्थानिक ज्वारीतून निवडलेली. डीएनएची अक्षरं संगणकात राहतील, पण संकर करायला जिवंत बीच लागतं.

हैतीत काय झालं ते सांगते. २०१३ पासून अमेरिका खंडात ज्वारीवर माव्याची प्रचंड साथ आली. हैतीत उभी शेतं काळी पडली. तिथल्या एका पैदास कार्यक्रमातली काही झाडं मात्र तगली, आणि त्यांतून प्रतिकारक्षम वाण तयार करून शेतकऱ्यांना दिला गेला. ती का तगली याचा शोध नंतर जनुकसंच वाचून घेतला गेला. सहाव्या गुणसूत्रावरच्या आरएमईएस १ या भागावर निवडीची ठळक खूण सापडली. त्याचा माग काढत संशोधक इथिओपियातल्या स्थानिक ज्वाऱ्यांपर्यंत पोचले. कुणीतरी कधीतरी जपलेलं आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ देशोदेशी देवाणघेवाण झालेलं ते बी, माव्याची ही साथ येईल हे कुणालाही ठाऊक नसताना हैतीपर्यंत पोचलं होतं. ही हकीकत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. बियाण्याच्या देवाणघेवाणीवर अडथळे आणणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे आजोबांच्या काळापासूनचं ज्वारीचं बी आहे. संशोधन केंद्राला द्यायचं आहे. कसं द्यावं?
*– एक शेतकरी वाचक*

दादा, हे पत्र वाचून फार बरं वाटलं. बी देताना सर्वांत भरलेली कणसं तेवढी निवडू नका. शेताच्या सगळ्या भागांतून, चालता चालता हाती येतील ती निदान पन्नास कणसं घ्या आणि प्रत्येक कणसातले थोडे दाणे एकत्र करा. दिसायला वेगळं, बुटकं किंवा उशिरा आलेलं कणीस वगळू नका. त्यातच एखादा दुर्मीळ गुण असू शकतो. बी सावलीत चांगलं वाळवा, त्यावर कीडनाशक लावू नका.

बियाण्याइतकीच सोबतची चिठ्ठी महत्त्वाची. २०१५ मध्ये एका गटाने १,९४३ स्थानिक ज्वाऱ्यांचा डीएनए त्या मूळ जिथून गोळा केल्या तिथल्या पाऊस, तापमान आणि मातीशी ताडून पाहिला. दुष्काळाशी आणि ॲल्युमिनियमच्या ताणाशी जुळवून घेण्यात हातभार लावणारे जनुकसंचाचे भाग त्यावरून हुडकता आले. ज्या नमुन्यांचं मूळ ठिकाण नोंदलेलं नव्हतं ते या अभ्यासात कामाचे नव्हते, बी कितीही उत्तम असलं तरी. म्हणून गाव आणि शक्य असेल तर फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश लिहा. जमिनीची खोली किती, खाली मुरूम किती हातांवर लागतो, पाणी साचतं का, कधी पेरता, पीक पावसावर येतं की जमिनीतल्या ओलीवर, पेरल्यापासून किती दिवसांनी निसवतं, खोडमाशी किंवा खडखड्या दिसतो का, पीक लोळतं का, तेही लिहा. हे बी घरात कुणी आणलं आणि का टिकवलं हे आजीला किंवा वडिलांना विचारून त्यांच्याच शब्दांत नोंदवा. ‘पाऊस गेला तरी ही पिकते’ असं कुणी म्हणालं असेल, तर पाऊस साधारण कोणत्या महिन्यात गेला होता आणि तेव्हा पीक पोटरीत होतं की दाणे चिकात होते, एवढं जरूर विचारून लिहा. थोडं बी घरीही ठेवा, आणि शक्य तितकी वर्षं पेरत राहा.